काल दिवसभर तुम्ही हाताने काय केलंत? (विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांसाठी)

बार्शीकर मास्तर

बार्शीत ज्युनिअर कॉलेजला २२ वर्षं फिजिक्स शिकवतोय. गेल्या रविवारी भाची जेवायला आली होती, बारावीला आहे. भाकरी मोडता मोडता विचारते, "मामा, केमिकल इंजिनिअर सकाळी कामावर गेला की पहिल्यांदा काय करतो?" मी म्हटलं, प्रक्रियेवर नियंत्रण ठेवतो. ती म्हणाली, "हो, पण म्हणजे हाताने काय करतो?"

मला उत्तर आलं नाही. एवढी पोरं माझ्या वर्गातून इंजिनिअरिंगला गेली, पण त्यांचा एक दिवस कसा जातो हे मला माहीत नाही. करिअर मेळाव्यात मीच माईक धरून बोलतो, हे त्याहून वाईट.

म्हणून हा धागा. ‘स्कोप’, ‘पॅकेज’ आणि ‘आवड’ हे तीन शब्द सोडून लिहायचं. कालचा दिवस सांगा.

भोचक भवानी

सॉफ्टवेअर. काल साडेदहा ते साडेसहा मीटिंगांत होते. त्यातल्या एकीचा विषय ‘मीटिंगा कमी कशा कराव्यात’ हा होता. आज तिचे मिनिट्स लिहितेय.

(खरं सांगायचं तर मास्तर, उरलेल्या वेळात दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड वाचते. लिहिणं थोडं, वाचणंच फार. कॉलेजात हे कुणी बोललं नव्हतं.)

मळीवाला

साखर कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आहे. हंगाम चालू आहे त्यामुळे झोपेचं खोबरं झालंय, तरी लिहितो. भाचीचा प्रश्न आवडला.

काल पहाटे ४ ते १२ ची पाळी होती. गेल्या गेल्या पहिलं काम आधीच्या पाळीची लॉगशीट बघणं. दुसरं काम वास घेणं. हसू नका. मिलखालच्या पन्हाळीत रस साचून राहिला की आंबूस वास येतो, म्हणजे आपल्याआधी जंतू साखर खाऊन गेले. तिथे वाफ मारून घ्यायची. हे कुठल्याही मीटरच्या आधी नाकाला कळतं.

मग नमुने. मिक्स ज्यूस, क्लिअर ज्यूस, सिरप, बगॅस (म्हणजे उसाचं चिपाड), पाळीभर हेच चालू. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं, पोल म्हणजे त्यातली साखर. पोलला ब्रिक्सने भागून शंभरने गुणलं की प्युरिटी. बगॅसमधला पोल २ च्या वर सरकायला लागला की समजायचं, आपण बॉयलरमध्ये साखर जाळतोय. मग मिलवाल्यांशी भांडण. ते म्हणणार पाणी कमी मारता, आम्ही म्हणणार रोलर बघा. काल पाऊण तास हेच चाललं होतं.

रस ७० अंशांच्या आसपास तापवून त्यात कालवलेला चुना आणि गंधक जाळून केलेला वायू सोडतात. सामू, म्हणजे पीएच, ७ च्या आसपास राहिला पाहिजे. चुना जास्त झाला तर रंग बिघडतो. कमी झाला तर साखर फुटते, सुक्रोजचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, आणि ते पॅनमध्ये, म्हणजे रस आटवून साखर करायच्या भांड्यात, दाणा धरत नाही. सरळ मळीत जातं. बारावीच्या पुस्तकात ‘इन्व्हर्शन’ असं एका ओळीत येतं ना मास्तर, तेच हे. इथे ती ओळ लाखांत पडते.

पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंबभर ‘मासा’ (मॅसेक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचं दाट मिश्रण) घेतो, दिव्यासमोर धरतो आणि दाणा बघतो. आमचे पॅनमन ३० वर्षांचे जुने आहेत. ते सहसा बरोबर असतात. त्या ‘सहसा’मध्येच माझी नोकरी आहे.

दिवसाच्या शेवटी उतारा, १०० किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान भाव) १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेली आहे, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला भाव चढतो. म्हणजे माझ्या टेबलावरचा आकडा शेतकऱ्याच्या बिलात जातो. त्यामुळे त्या आकड्याकडे बघणारे पुष्कळ असतात. यावर जास्त लिहीत नाही.

बार्शीकर मास्तर

दंडवत. भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणते, "वास घेतात??"

स्कोप सम्राट

सगळं छान, पण सुरुवातीचा पगार किती ते सांगा. बाकी सगळं गुगलवर मिळतं.

भोचक भवानी

मिलखाली आंबूस वास येतो हे गुगलवर मिळतं का हो?

पर्जन्यमापक

वेधशाळेत निरीक्षक होतो, आता निवृत्त. कालचा दिवस म्हणाल तर नातवाला शाळेत सोडलं. पण ३० वर्षांचा सकाळचा साडेआठ सांगतो.

साडेआठ वाजता पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा पाऊस म्हणजे आजची नोंद. २००५ सालचा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस लोकांच्या तोंडी २६ जुलैचा आहे, पण ते २४ तास २७ तारखेच्या सकाळी साडेआठला पुरे झाले. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एकच शहर. मुंबईत किती पाऊस पडला असं कुणी विचारलं की मी अजूनही ‘कुठल्या मुंबईत?’ असं विचारतो.

मग लाकडी झडपांची पांढरी पेटी उघडायची. तिच्यात कोरडा आणि ओला असे दोन तापमापक. ओल्याच्या पाऱ्याच्या फुग्यावर मलमलचा तुकडा बांधलेला असतो. तो मळला की आर्द्रतेचा आकडा चुकतो, म्हणून तो वेळेवर बदलायचा. माझी पहिली बोलणी त्या मलमलवरून खाल्लीत. मग मान वर करून ढग. आकाशाचे आठ भाग कल्पून किती भाग झाकलेत ते लिहायचं, आणि ढग कुठल्या जातीचे तेही.

काही केंद्रांवर वरच्या हवेची मापं घ्यायला फुगाही सोडतात. साडेपाचच्या वेधासाठी, पहाटेच्या आणि संध्याकाळच्या. जगभर हे वेध एकाच घटकेला होतात, म्हणजे कुणाच्या तरी मध्यरात्री. वारा सुटलेला असताना हायड्रोजनने भरलेला फुगा हातातून सोडणं ही एक कला आहे, आणि ती कुठल्याही पदवीत शिकवत नाहीत.

अक्षांश

पर्जन्यमापक काका, फार सुंदर. ढगांच्या नोंदी आता यंत्राने होत नाहीत का?

पर्जन्यमापक

पाऊस, तापमान, वारा यांची स्वयंचलित केंद्रं पुष्कळ झालीत. ढगाची जात मात्र डोळ्यांनी ओळखलेली बरी. हे मी निवृत्त माणूस म्हणतोय, त्यामुळे सोडून द्या हवं तर.

निशाचर ५०

वीज. राज्याच्या ग्रिडचा ताळमेळ ठेवणाऱ्या कक्षात पाळीवर असतो. काल रात्रपाळी.

आम्ही हाताने काय करतो? फोन उचलतो. बहुतेक वेळ समोरच्या भिंतीवरच्या एका आकड्याकडे बघत असतो, विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या, तो ५०.०० हर्ट्झच्या जवळपास पाहिजे. वीज मागणीपेक्षा कमी पडली की आकडा खाली, जास्त झाली की वर. ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायचा. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे असतात. कुठला प्रकल्प कुठल्या तुकड्यात किती वीज देणार हे आदल्या दिवशी ठरतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं बरंच बदलतं.

मास्तर, तुमच्या सोलापूरची एक गोष्ट. दक्षिणेचं ग्रिड बाकी देशापासून वेगळ्या तालावर चालायचं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली तेव्हा सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. तेव्हापासून बार्शीतला पंखा आणि गुवाहाटीतला पंखा एकाच ठोक्यावर फिरतात.

आमच्या धंद्यात नुसती वीज शिकून भागत नाही, माणसं शिकावी लागतात. सोलापूर-सांगलीकडे वळीव झाला की शेतीपंप बंद पडतात, मागणी धपकन खाली येते. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे मालवायचे होते, आठवतं? अंदाज १२-१४ हजार मेगावॅट घटीचा होता. प्रत्यक्षात देशाची मागणी सुमारे ३१ हजारांनी उतरली. लोकांनी दिव्यांबरोबर आणखी काय काय बंद केलं देव जाणे. आधीपासून जलविद्युत सज्ज ठेवली होती म्हणून निभावलं. कोळशाचा संच असा पटकन वरखाली होत नाही, पाण्याचा होतो. कोयनेचं महत्त्व काय, ते अशा रात्री कळतं.

चांगली पाळी कुठली? जिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच घडलं नाही ती.

खडकाळ

भूजलशास्त्रज्ञ. विहीर, बोअर कुठे घ्यावी ते सांगतो. किंवा सांगायचो, असं म्हणू, कारण गावात माझ्याआधी नारळवाला, म्हणजे हातावर नारळ धरून पाणी सांगणारा, येऊन गेलेला असतो.

कालचा दिवस: जालना जिल्ह्यातलं एक शिवार. सकाळी विहिरीतून पाण्याची पातळी मोजली. साधन? टेप. शिकलो पीएच.डी.पर्यंत, साधन टेप. मग लोखंडी सळया ठोकून जमिनीत करंट सोडला आणि विद्युतरोध मोजला. माती इतकी कोरडी होती की सळयांभोवती मिठाचं पाणी ओतावं लागलं. ते बघायला जमलेल्या पोरांना वाटलं काहीतरी विधी चाललाय.

आपल्याकडचा बराचसा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, फटींत आणि दोन थरांच्या सांध्यात. दोन लाव्ह्यांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा गेरूसारखा थर लागतो. बोअरमधून लाल चिखल यायला लागला की गाडीवाल्याचा चेहरा पडतो, कारण तो थर ढासळून भोक बुजवतो.

काल मी जिथे ‘इथे घेऊ नका’ म्हणालो तिथे आज गाडी लागलीय. नारळ तिथे उभा राहिला होता.

मावळचा वाघ

नारळवाल्याची चेष्टा करू नका. आमच्या वाडीत त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागलं. सरकारी माणसाने दाखवली तिथे धुरळा.

खडकाळ

लागतं की. मावळात पावसाळ्यानंतर कुठेही थोडं खणलं तरी काही ना काही लागतं. प्रश्न मे महिन्यात किती राहतं हा आहे. आणि ज्या दहा ठिकाणी नाही लागत त्यांची नोंद तो ठेवत नाही, मला ठेवावी लागते. तुमच्या वाडीतला धुरळा कुठल्यातरी फाइलमध्ये आहे बघा.

मावळचा वाघ

ते फाइलचं पटलं. बाकी नाही.

तुरटी

नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रात आहे. थोडक्यात लिहिते. सहा चंचुपात्रं, सहांत तेच नदीचं पाणी, तुरटी मात्र कमी-जास्त. ढवळायचं, थांबायचं, कुठल्यात गाळ नीट बसला ते बघायचं. त्यावरून दिवसाची तुरटी ठरते. याला जार टेस्ट म्हणतात. जूनमध्ये पहिला लोंढा येतो तेव्हा सकाळचा हिशेब दुपारी कामाचा राहत नाही, दिवसात चार-चार वेळा करावी लागते.

मग गावाच्या शेवटच्या नळावर जाऊन ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून बघायचं. पाण्यात पिवळा रंग दिसला तर क्लोरीन पोचलंय. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. पोचलं नसेल तर मधे कुठेतरी पाइप फुटलाय आणि गटार आत येतंय अशी शंका घ्यायची. काल तीन गल्ल्या चालले. लोक म्हणतात औषधाचा वास येतो. मी मनात म्हणते, येऊ दे.

स्कोप सम्राट

पगाराचं कुणीच बोलेना. मास्तर, एक स्पष्ट बोलतो. ‘पॅकेज हा शब्द वापरू नका’ हे कायम नोकरीत २२ वर्षं काढलेल्यांना परवडतं. मी सिव्हिल. चार वर्षं साइटवर, सगळी कंत्राटी. स्लॅब ओतायचा दिवस असला की सकाळी सहा ते रात्री अकरा. क्यूब (तपासणीचे काँक्रीटचे ठोकळे) भरा, स्लम्प (ओलं काँक्रीट किती खचतं ते) बघा, ट्रक मोजा, २८ दिवसांनी क्यूब फोडायला न्या. हाताने काय करतो ते हे. आणि तीन महिन्यांचा पगार थकलाय. हेही पोरीला कळू दे.

बार्शीकर मास्तर

चुकलं माझं. अट मागे घेतो. मुळात तुमचा आयडी बघून मीच तुम्हाला उडवून लावलं.

मळीवाला

सम्राट दादा, आमच्याकडेही कारखाना चार-पाच महिने. हंगामी माणसांना बाकीच्या काळात रिटेन्शनवर, म्हणजे बंद काळातल्या भत्त्यावर, दिवस काढावे लागतात, आणि तेही वेळेवर मिळेल असं नाही. मी कायम आहे, म्हणून मला वासावर निबंध लिहिता येतो. तुमचं बरोबर आहे.

वायसर

क्यूबचं नाव निघालं म्हणून आलो. चाकणला ऑटो पार्टस्, क्वालिटी. कालचं सांगतो.

शॉपमधून ऑपरेटर धावत आला, "साहेब, बोअर मोठा येतोय." बोअर म्हणजे पार्टमधलं भोक. सीएमएम, म्हणजे मापं घेणाऱ्या मशीनची रूम २० अंशांवर असते, सगळ्या जगाची मापं २० अंशांवर धरतात. पार्ट मशीनवरून नुकताच उतरलेला, हाताला कोमट. १०० मिलिमीटरचं पोलाद १६ अंशांनी तापलं की सुमारे १८ मायक्रॉन वाढतं. आमची सूट १० मायक्रॉन. मी म्हटलं दोन तास ठेव, मग मोजू. प्रॉडक्शनवाले म्हणाले लाइन थांबलीय. मी म्हटलं थांबू दे. माझ्या कामाचा निम्मा भाग हे एक वाक्य आहे. दोन तासांनी पार्ट पास.

अक्षांश

माझं राहिलं. रेडिओ खगोलशास्त्र, पीएच.डी.चं चौथं वर्ष. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. लोकांना वाटतं मी रात्री दुर्बिणीला डोळा लावते. मला काही तासांचा वेध मिळाला, त्याला होऊन आठ महिने झाले. तेव्हापासून त्या आकड्यांतून कचरा काढतेय. मोबाइल, उपग्रह, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, सगळं त्यात येतं. काल दिवसभर पायथन. संध्याकाळी आकाशगंगेची सुंदर वलयाकार रचना सापडली असं वाटलं. ती माझ्या प्रोग्रॅममधली चूक निघाली. मग चहा.

(निशाचर, त्या ठिणग्या तुमच्या खात्याच्या.)

निशाचर ५०

तारा आमच्या नाहीत, वितरणाच्या. पण सॉरी.

बार्शीकर मास्तर

हे मामाच्या आयडीवरून मी लिहितेय, भाची. सगळं वाचलं, काही दोनदा. कोण काय करतं ते थोडं कळलं. आता एक विचारू का? तुमची चूक झाली तर ती तुम्हाला किती वेळाने कळते?

निशाचर ५०

काही सेकंदांत. सगळ्या राज्याला कळते.

मळीवाला

सामूची असेल तर दोन-तीन तास, क्लॅरिफायरमधून, म्हणजे रस निवळायच्या टाकीतून, रस बाहेर पडेपर्यंत. पॅनमधली असेल तर साखर सेंट्रिफ्यूगलला, म्हणजे गरगर फिरवून मळी वेगळी करणाऱ्या यंत्राला, गेल्यावर. प्रश्न भारी आहे पोरी.

वायसर

नशीब असेल तर त्याच दिवशी. नसेल तर तीन आठवड्यांनी, ग्राहकाच्या लाइनवर. मग आठ पानी रिपोर्ट लिहायचा, ‘असं का झालं’ पाच वेळा विचारून. पाचव्या ‘का’चं उत्तर बहुधा ‘घाई होती’ हेच असतं, पण तसं लिहिता येत नाही.

पर्जन्यमापक

मोजण्यातली चूक बेटा, पुष्कळदा कधीच कळत नाही. एखाद्या सकाळी मी १२ चे २१ लिहिले असतील तर ते कायमचे २१. कुणीतरी पन्नास वर्षांनी त्यावर आलेख काढणार. म्हणून दोनदा वाचून लिहायचो.

स्कोप सम्राट

काँक्रीटची २८ दिवसांनी, क्यूब फुटल्यावर. तोवर वर दोन मजले चढलेले असतात. सात दिवसांनीही फोडतात, अंदाज यावा म्हणून. आणि काही चुका पहिल्या पावसात.

खडकाळ

मे महिन्यात. पण मे येईपर्यंत बोअरवाल्याचे पैसे देऊन झालेले असतात.

तुरटी

दवाखान्यातून फोन येतो तेव्हा. म्हणून तो फोन यायच्या आधी शोधत फिरते.

अक्षांश

मला काल चार तासांत कळली. काहींना पेपर छापून आल्यावर. मला सेकंदांत कळणारं काम झेपलं नसतं, खरंच. हातपाय गळाले असते.

निशाचर ५०

आणि मला आठ महिने एकाच गोष्टीवर बसवलं तर वेड लागेल.

भोचक भवानी

आमच्यात चूक सापडली की आधी ती कुणाची हे शोधतात. काल सापडलेली २०१९ ची होती. लिहिणारी मीच.

बार्शीकर मास्तर

पुन्हा भाची. थँक यू सगळ्यांना. मला वाटतं मला ते दोन-तीन तासवालं जमेल. मळीवाला काका, कारखाना आतून बघता येतो का? मार्चपर्यंत परीक्षा आहे.

मळीवाला

परीक्षा झाल्या झाल्या ये, तोवर गाळप चालू असलं तर. ऊस संपत आला की एक दिवस अचानक बंद होतं, त्यामुळे निघायच्या आधी मामांना फोन करायला सांग, नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो. दुपारी १२ च्या पाळीला ये. पहाटेची नको, पहिल्याच दिवशी कंटाळशील. बंद बूट घाल, ओढणी नको, केस बांधून. मिल हाऊसमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, काय विचारायचं ते लिहून आण.

बार्शीकर मास्तर

(मामा) मी आलो तर चालेल का?

मळीवाला

या की मास्तर. बगॅसचा भुसा उडतो, चष्मा पुसायला रुमाल आणा. आणि वास तुम्हालाही घ्यायला लावणार आहे.